हिरव्या पडद्यावरचा शेजार

सोपान गेल्याचा फोन आला तो सोमवार होता आणि सकाळचे सव्वासात वाजले होते. राजुरीतल्या आमच्या दूध संस्थेत माप चालू होतं. हजर म्हणाल तर मी, फॅट काढणारा गणपत आणि कॅन घेऊन रांगेत उभी असलेली चार-पाच माणसं. फोन सोपानच्या बायकोच्या, हिरावहिनींच्या, भावाचा होता. "जुन्नरवरनं बोलतोय... सोपानभाऊ गेले. पहाटं छातीत कळ आली, दवाखान्यात न्हेईपर्यंत..." गणपतने माझ्या तोंडाकडे पाहून मशीन बंद केलं. रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, "कोण रं गेलं?" मी म्हणालो, "सोपान. जुन्नरचा कॉम्प्युटरवाला." ती कॅन खाली ठेवत म्हणाली, "आगं बया! माझ्या नातीच्या लग्नाची पत्रिका त्यानंच केली व्हती." मागच्या दोघांनीही माना हलवल्या. त्यांच्याही घरची कुणाची ना कुणाची त्यानेच केली होती.

सोपान माझा शाळेपासूनचा मित्र. जुन्नरला वसतिगृहात आमच्या ट्रंका शेजारी-शेजारी असत. पुढे मी गावात राहिलो, शेती आणि दूध संस्थेचं सचिवपद सांभाळू लागलो, म्हणून तो मला कायम "सेक्रेटरी" म्हणायचा, आणि त्यात मानापेक्षा टोमणा जास्त असे. तो बारावीनंतर टायपिंग शिकला आणि नव्वदच्या दशकात, कॉम्प्युटर म्हणजे काय हे जुन्नरच्या बाजारपेठेत मोजक्यांना ठाऊक होतं तेव्हा, त्याने एक घेतला आणि दुकान थाटलं. लग्नपत्रिका, मुला-मुलींचे बायोडाटा, यात्रेची हँडबिलं, नोकरीचे अर्ज, दशक्रियेची कार्डं. माणसाच्या आयुष्यातलं जे जे छापावं लागतं ते सगळं त्या दहा बाय बाराच्या खोलीतून बाहेर पडे. कॉम्प्युटरचा पडदा त्याने मुद्दाम गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला होता आणि स्वतः मान वाकडी करून बसायचा. कारण साधं होतं. पत्रिकेत एका चुलत्याचं नाव राहिलं तर लग्नात मारामारी होते. ती चूक छापण्याआधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनीच पकडलेली बरी.

त्या काळात फायलींना मराठीत नाव देता येत नसे. पत्रिकेतला मजकूर मराठी, पण फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत. सोपानचं इंग्रजी बेताचं, आणि या भागात नावं तरी किती निराळी? दहा गावांत दहा संतोष, दहा संगीता. नावावरून फाईल शोधायला गेला की तासन् तास जायचे. मग त्याने नावावर विसंबणंच सोडून दिलं. त्याच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडिलांनी जमीन करायला घेतली, तरी लहानपणी तो आजोबांमागे रानोमाळ हिंडलेला. त्याने पडद्यावरचं डोंगर-ढगांचं चित्र काढून टाकलं आणि नुसता हिरवा रंग ठेवला. त्या हिरव्यावर तो फायली मांडायचा, वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, मेंढरं बसवावीत तशा. मोठी फाईल मधे, तिचे फोटो, नक्षी, गणपतीची चित्रं तिला बिलगून. दोन कामांच्या मधे बोटभर मोकळी जागा. मी विचारलं, "ही काय पद्धत?" तर म्हणाला, "कोकरू आईपाशी ठेवलं का हाक मारावी लागत न्हाई. आमचा म्हातारा मेंढरं मोजायचाच न्हाई कधी. म्हणायचा, कोण कुणापाशी बसलंय ते बघ, कोण न्हाई ते आपसूक कळतं."

मी आकड्यांचा माणूस. मला हे पटत नसे. मी म्हणायचो, नंबर घाल, वही ठेव, वर्षाप्रमाणे लाव. तो म्हणायचा, "सेक्रेटरी, तुझ्या बायकोनं मिठाच्या डब्यावर नंबर टाकलाय का?" एकदा पुण्याहून मशीन दुरुस्त करायला एक जण आला. काम झाल्यावर भलेपणाने त्याने माऊसचं उजवीकडचं बटण दाबून सगळ्या फायली नावाप्रमाणे रांगेत लावून दिल्या. लग्नसराईचे दिवस होते. मी नेमका दुकानात शिरलो तर सोपान पडद्यासमोर उभा होता, चेहरा पांढराफटक. "लांडगा शिरल्यागत झालं रं," एवढंच बोलला. नवरीची फाईल एका टोकाला, तिचा फोटो दुसऱ्या टोकाला, मधे कुणाच्या तरी तेराव्याचं कार्ड. बाहेर तीन वरबाप प्रूफ बघायला बसलेले. त्याने एकेक फाईल उचलून परत जागेवर नेली, आणि त्या दुरुस्तीवाल्याला चहा पाजूनच पाठवलं. एक शब्द लागेल असा बोलला नाही.

त्याची आणखी एक सवय होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. काम संपलं की तो गिऱ्हाइकाला विचारायचा, "कुठं ठेवू?" गिऱ्हाईक गोंधळायचं. तो म्हणायचा, "तुमी परत याल तेव्हा तुमची नजर पहिली कुठं जाईल, तितं बोट ठेवा." लोक हसत-हसत पडद्यावर बोट टेकवायचे आणि तो फाईल तिथे नेऊन सोडायचा. त्याचं म्हणणं, ज्याची फाईल त्याने जागा दाखवली की सहा महिन्यांनी तो आल्यावर स्वतःच दाखवतो, शोधावी लागत नाही. आणि हे खरं होतं. मी पाहिलंय.

दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. माझी मुलगी वैशाली डी.एड. होऊन घरी होती आणि शिक्षणसेवकाच्या जागेसाठी अर्ज करत होती. तिला महाळुंगे पडवळचं स्थळ आलं. मुलगा चाकणला कारखान्यात कायम नोकरीला, घरी बागायत, माणसं भली. कारभार मुलाच्या चुलत्याकडे, शिवरामतात्यांकडे. पोरगी बघून झाली, पसंतीचा निरोप आला. सुपारी कधी फोडायची एवढंच ठरायचं होतं. वैशाली काही बोलली नव्हती, आणि आमच्याकडे तेव्हा मुलगी काही बोलली नाही म्हणजे होकार धरायचा, असा रिवाज होता.

आणि एका रविवारी तात्यांचा निरोप आला, तोही त्यांच्या मेव्हण्याच्या तोंडून, चारचौघांत, आळेफाट्याच्या चहाच्या हॉटेलात. "तुमच्या पोरीचं आधीच दुसरीकडं जमल्यालं हाय म्हणं. तळेघरला. तात्यांनी सोताच्या डोळ्यांनी बघितलंय." मला वाटलं माझ्या कानांत काहीतरी बिघाड झाला. मी विचारलं, "कुठे बघितलं?" तो म्हणाला, "जुन्नरला, कॉम्प्युटरवर." कप खाली ठेवल्याचे आवाज तेवढे आले. सोयरीक मोडली तर मोडली, दुसरी जमेल, हे मला कळत होतं. पण मोडण्याचं कारण जर असं फुटलं, की पोरीने एक ठिकाण ठरवून दुसऱ्या ठिकाणी पोहे दिले, तर ते कारण तिच्या मागे दारोदार फिरणार होतं. शाळेत नोकरीला लागली तरी तिथे पोचणार होतं.

मी तसाच एसटीने जुन्नरला गेलो. सोपान जेवून नुकताच बसला होता. मी काही विचारण्याआधी पडद्याकडे पाहिलं. डावीकडे वरच्या अंगाला सगळे लग्नाचे बायोडाटा, मुलींचे वेगळे, मुलांचे वेगळे. आणि खाली, उजव्या बाजूला, मोकळ्या हिरव्यात, सगळ्यांपासून दूर, दोनच फायली. वैशाली राजुरी आणि रामदास तळेघर. एकमेकींना चिकटून. लग्नपत्रिकेवर वधू-वरांची नावं असतात तशी. हा रामदास कोण हे मला ठाऊक होतं. वैशालीच्या वर्गातला, वर भीमाशंकरच्या बाजूचा, नाचणी-भाताच्या शेतीतला. जात-नात्याची काही अडचण नव्हती, पण त्या डोंगरात मुलगी द्यायची हा विचारही कधी माझ्या मनात आला नव्हता.

"हे काय आहे, सोपान?" माझा आवाज चढला होता. त्याने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मास्तरकीचे अर्ज हायेत. दोघांचे." मी म्हणालो, "मग अर्जांच्या जागी का नाहीत? ते वरती आहेत." "हितं हायेत," तो म्हणाला. मी टेबलावर हात आपटला. "तुझ्या या मेंढरांच्या खेळापायी माझ्या पोरीचं नाव खराब झालं, कळतंय का तुला?" हिरावहिनी आतून दारात आल्या, मला बघून तिथेच थांबल्या. सोपानने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तात्या घरी कवा असत्यात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जीप केली. त्याने कॉम्प्युटरची पेटी आजोबांच्या घोंगडीत गुंडाळून पायाशी घेतली. तो जाडजूड पडदा माझ्या मांडीवर. मी म्हणालो, तोंडी सांगून भागणार नाही का? तो म्हणाला, "तात्यांनी जे बघितलं ते पडद्यावर बघितलं. आता मी तोंडानं कायबी सांगितलं तरी ती सारवासारव." नारायणगाव गेलं, कळंबवरून आत वळलो. प्रत्येक खड्ड्याला मी पडदा दोन्ही हातांनी छातीशी धरत होतो.

तात्यांच्या पडवीत सतरंजी होती, पण बसा कुणी म्हणालं नाही, आम्हीच बसलो. तात्या, मुलाचे वडील, तात्यांची म्हातारी आई आणि भावकीतले दोघे. मुलगा कामावर होता. सोपानने पडदा पाटावर ठेवला, तारा जोडल्या, आणि तेव्हा कळलं की लाईट गेलेली आहे. भारनियमन. तीनला येणार. वाजले होते सव्वादोन. पाऊण तास त्या काळ्या काचेसमोर आम्ही सात माणसं बसून राहणार होतो.

"पावणं, मशीन कशाला आणलं?" तात्या म्हणाले. "आमाला काय सिनेमा दावायचाय का?" भावकीतला एक जण खुदकन हसला. मी खाली बघत होतो. सोपान म्हणाला, "सिनेमाच म्हणा. यात तुमीबी हाय." म्हातारी पुढे सरकली. "त्या पेटीत पोरींची नावं असत्यात का रं?" "पोरींची असत्यात, पोरांची असत्यात," सोपान म्हणाला. "आई, मला एक सांगा. तुमच्या घरात काड्यापेटी कुठं असती?" "चुलीपाशी." "आन् देवाचा दिवा लावायचा म्हणलं तर?" "देवळीत दुसरी हाय." "आन् तात्यांच्या बिडीची?" म्हातारीने लेकाकडे बघितलं. "तिसरी त्याच्या खिशात. आन् ती संपली का माझी चुलीपासली पळवतो मेला!" मुलाचे वडील पहिल्यांदा हसले. तात्या हसले नाहीत. सोपान म्हणाला, "काड्यापेटी तीच, जागा तीन. जी जितं लागती तितं. माझ्या पडद्यावर एवढंच हाय, तात्या. ज्याला जे जितं लागतं तितं ठिवलेलं." तात्या म्हणाले, "लाईट येऊ दे. मग बघू."

लाईट आली. तो हिरवा उजाडला. तात्यांनी उठून थेट बोट ठेवलं. "ही बघा. आन् ही. खेटून हायेत का न्हाईत?" सोपान म्हणाला, "हायेत." "बाकीच्या सगळ्या तिकडं आन् ह्या दोनच हिकडं का?" "दोघांचे मास्तरकीचे अर्ज हायेत." "मग उघडून दाव." सोपानने उंदरावरचा, म्हणजे माऊसवरचा, हात काढून घेतला. "तळेघरच्या पोराची फाईल हितं उघडणार न्हाई. त्यो हितं न्हाई." तात्या मोठ्याने म्हणाले, "बघा! लपवायचं हाय म्हणून." मी म्हणालो, "सोपान, निदान वैशालीची उघड. मी सांगतोय. माझ्या मुलीची आहे." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती वैशालीची हाय. तुझी न्हाई. तू गप बस."

पंचवीस-तीस वर्षांच्या दोस्तीत तो मला चारचौघांत असं पहिल्यांदा बोलला. तात्यांनी उपरणं झटकलं आणि उठले. "मग झालं. पावण्यांना चहा द्या आन् जाऊ द्या." मला वाटलं, संपलं. ही गोष्ट आता उद्या मंचरच्या बाजारात असणार.

"तात्या," सोपान म्हणाला, "तुमची तर उघडू का?"

तात्या थांबले. "आमची काय हाय त्यात?"

"तुमच्या पोराचा बायोडाटा कुणी करून न्हेला? तुमीच. आन् कुठं ठेवू म्हणलो, तवा बोट कुणी ठिवलं? तुमीच." त्याने डावीकडच्या एका कोपऱ्यात बाण नेला. तिथेही दोन फायली बिलगून होत्या. "ही तुमच्या पोराची. आन् ही तिला खेटून हाय ती कुणाची? बघा बरं." त्याने दुसरी उघडली. अख्ख्या पडद्यावर एक बैल आला. तात्यांचा शर्यतीचा बैल, शिंगं रंगवलेली, गळ्यात माळ, यात्रेच्या हँडबिलासाठी काढलेला फोटो. म्हातारी ओरडली, "आगं बया, सोन्या!"

"सोन्याच," सोपान म्हणाला. "दोन्ही कामं तुमी एकाच दिवशी आणली, एकाच जागी ठिवली. आता शेजारी हाय म्हणून सोयरीक धरायची, तर तात्या, तुमच्या नवरदेवाची सुपारी सोन्यासंगं फुटलीया. आमच्या पोरीला कशाला बोल लावता?"

आधी मुलाचे वडील हसत सुटले. मग भावकी. म्हातारी हसता-हसता खोकायला लागली आणि तिला पाणी द्यावं लागलं. तात्यांनी ओठ घट्ट धरले होते, पण मिशा हलत होत्या. शेवटी त्यांनी उपरण्यात तोंड घातलं. "लई बेरकी हायेस," ते म्हणाले, आणि खाली बसले. चहा आला, त्याबरोबर लाडूही आले. निघताना तात्या मला म्हणाले, "पावणं, मनात ठेवू नका. गुरवारी या सुपारीला."

परतताना पडदा मांडीवर तसाच होता, पण आता तो मला जड वाटत नव्हता. मी एकटाच बोलत होतो. कळंब आलं तेव्हा सोपान म्हणाला, "घरी गेल्यावर एक कर. पोरीला एकदा इचार." "काय विचारू?" "व्हय का न्हाई. एवढंच." मला राग आला. "आता? सगळं जमल्यावर? मग हे मशीन घेऊन एवढ्या लांब कशाला आलास?" तो बाहेर बघत होता. "सोयरीक मोडायची आसंल तर तुमी मोडा. माझ्या पडद्यावरनं मोडायला नको. काल ती न्हाई म्हणली आसती तर लोक म्हणले आसते, पकडली म्हणून न्हाई म्हणती. आता न्हाई म्हणली तर ती तिची न्हाई..." मी विचारलं, "तुला काय माहीत आहे, सोपान? खरं सांग." त्याचं उत्तर मी अजून विसरलेलो नाही. "फाईल कुठं हाय ते मला म्हाईत असतं. का हाय ते मी इचारत न्हाई."

वैशाली दुसऱ्या दिवशी सकाळी टोमॅटोत होती. मी बांधावर उभा राहून सरळ विचारलं, हो की नाही. असल्या गोष्टी मला फिरवून विचारता येत नाहीत. तिने हातातला टोमॅटो क्रेटमध्ये ठेवला, दुसरा तोडला, तोही ठेवला. मग म्हणाली, "आण्णा, नाही म्हटलं तर चालेल का?" मी म्हणालो, "चालायचं काय ते मी बघतो. तू तुझं सांग." "मग नाही." वाऱ्याने प्लास्टिकच्या सुतळ्या फडफडत होत्या. ती पुढे म्हणाली, "ती फाईल सोपानकाकांनी नाही ठेवली तिथं. त्यांनी मला विचारलं, कुठं ठेवू? मीच बोट दाखवलं." मी विचारलं, "तळेघरला दिवसातून एसटी किती, माहीत आहे?" ती म्हणाली, "माहीत आहे. चालायची सवय होते."

गुरुवारच्या आधी मी एकटा महाळुंग्याला गेलो आणि सांगितलं, मुलगी नाही म्हणते. कारण विचारू नका, तुमच्यात काही कमी नाही. तात्यांनी मला बराच वेळ उभं ठेवलं. मग म्हणाले, "ठीक हाय. तुमची पोर, तुमचा शब्द." शिवीगाळ नाही, बोभाटा नाही. नुकतीच ज्या पोरीच्या बाजूने अख्खी पडवी हसली होती, तिच्याबद्दल वेडंवाकडं बोलणं त्यांनाही अवघड गेलं असावं. वैशालीचं लग्न पुढच्या वर्षी, दोघांना नोकरी लागल्यावर, तळेघरला झालं. नावाला कुठे डाग लागला नाही. पण महाळुंग्याचं आणि त्या बाजूच्या वाड्या-वस्त्यांचं काम सोपानकडे यायचं बंद झालं. पत्रिका मंचरला जाऊ लागल्या. लग्नसराईत त्याच्या दुकानातली बाकं मोकळी दिसायची, ती मला दिसत होती. मी एकदा विषय काढला. तो म्हणाला, "मेंढरं जरा दुसऱ्या रानात गेलीत, एवढंच. तू हिशेब करू नको."

सोपानला जाऊन आता महिना होत आला. दुकान हिरावहिनी चालवतात. त्याच्या शेजारी बसून-बसून त्या सगळं शिकल्या होत्या. मशीन नवं आहे, फायलींना आता मराठी नावं देता येतात, पण पडदा हिरवाच आहे आणि मांडणी तीच. गेल्या आठवड्यात मी तिथे बसलो होतो तेव्हा दारात एक जीप थांबली आणि शिवरामतात्या उतरले. थकलेत आता, काठी आली आहे. हिरावहिनींना नमस्कार करून ते बाकावर टेकले. मग मला म्हणाले, "पावणं, पोरगी बरी हाय का तळेघरला?" "बरी आहे. दोन मुलं आहेत." त्यांनी मान हलवली. "म्हंजी मी बरोबरच वाचलं व्हतं." मी म्हणालो, "होय, तात्या." ते काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून पडद्याकडे बघत राहिले. "त्या दिवशी त्यानं लई हसवलं आमाला... हसवलं नसतं तर मी तुमच्या पोरीचं नाव दोन्ही तालुक्यांत केलं आसतं."

कामासाठी आले होते ते. नातीचा बायोडाटा करायचा होता. कागदावर लिहून आणलेलं त्यांनी वाचून दाखवलं, वहिनींनी टाईप केलं, फोटो बसवला, छापून हातात दिला. तात्यांनी तो चष्म्याजवळ धरून तपासला, दोनदा. मग वहिनींनी, नेहमीच्या सवयीने, विचारलं, "कुठं ठेवू?"

तात्यांचा हात उचलला गेला, बोट पडद्यापर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं. हात त्यांनी मागे घेतला. "मला नका इचारू," ते म्हणाले. "बाहेर जीपमधी बसलीया. तिला बोलवा."

मीच उठून बोलवायला गेलो. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, ओढणी सावरत आत आली, आजोबांकडे बघितलं. आजोबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. वहिनींनी तिला पडदा दाखवला, काय करायचं ते सांगितलं. तिने जरा वेळ घेतला. सगळा हिरवा एकदा नजरेखालून घातला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. कुठे ठेवलं ते मी पाहिलं, पण ती फाईल तिची आहे, म्हणून इथे लिहीत नाही. छपाईचे तीस रुपये तिने स्वतःच्या पाकिटातून काढले आणि हिरावहिनींच्या हातात दिले.